घरी गिटार रेकॉर्ड करायची : छोटा अ‍ॅम्प घ्यायचा की सिम्युलेटर? खरेदीआधी काय बघायचं

नारायणगुडा (हैदराबाद) : नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर या भागातून शिकायला किंवा नोकरीला आलेली बरीच पोरं काचीगुडा, बरकतपुरा, हिमायतनगर, नारायणगुडा या पट्ट्यात खोली करून राहतात. मराठवाडा १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे इथलं मराठी बिऱ्हाड काही नवं नाही. नारायणगुड्यातली केशव मेमोरियल शाळा न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाने १९४० साली सुरू झाली, ती याच जुन्या नात्याची खूण. आता या खोल्यांमध्ये कोपऱ्यात पुस्तकांच्या शेजारी गिटारही दिसते. आणि गिटार आली की काही महिन्यांत दुसरा प्रश्न येतो. मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं गाणं डब्यातून आल्यासारखं वाजतं, मग अ‍ॅम्प घ्यायचा की संगणकावरचं सिम्युलेटर?

दुकानात हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर वॅटमध्ये मिळतं. 'वीस घेऊ नका, चाळीस घ्या, पुढे कामाला येईल.' गल्ला दुकानदाराचा असतो. पैसे मात्र महिन्याच्या खर्चातून वाचवलेले असतात, आणि मोठा डबा आणल्यावर आठवड्यातच घरमालक दारात उभा राहतो. म्हणून सुरुवात वॅटपासूनच करावी लागते.

वॅटचा हिशोब व्यापाऱ्याच्या हिशोबासारखा नसतो

पाच वॅटपेक्षा पन्नास वॅटचा अ‍ॅम्प दहापट मोठा वाजतो, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ताकद दहापट झाली की आवाज १० डेसिबलने वाढतो आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पाच आणि पन्नास यांच्यात कानाचा फरक फक्त दुपटीचा. एक वॅट आणि शंभर वॅट यांच्यात २० डेसिबलचं अंतर आहे, तेवढंच. गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर एक वॅटवर, एक मीटर अंतरावर ९६ ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज काढतो. दहा बाय बाराच्या खोलीत एक वॅटसुद्धा पूर्ण उघडला तर शेजारच्या फ्लॅटमधलं बाळ उठणार.

कायद्याचं बोलायचं तर केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. दवाखाना, शाळा-कॉलेज आणि कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा धरतात, तिथे मर्यादा ५० आणि ४० अशी आणखी कडक. नारायणगुड्यात शाळा-कॉलेजं किती दाटीने आहेत हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. रात्रीच्या बंधनात लाऊडस्पीकरबरोबर वाद्यं आणि ध्वनिवर्धक यांचंही नाव आहे. हा नियम तेलंगणात, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सारखाच लागू आहे.

मग कमी आवाजावर वाजवावं, म्हटलं तर तिथे दुसरी अडचण. जुन्या पद्धतीच्या ट्यूबच्या अ‍ॅम्पचा जो भरलेला, किंचित फाटलेला सूर लोकांना आवडतो, तो अ‍ॅम्पला जोर दिल्याशिवाय निघत नाही. मोठा अ‍ॅम्प एकवर ठेवला की तो नुसता मिणमिणतो. म्हणूनच स्टुडिओत छोटे अ‍ॅम्प पूर्वीपासून लाडके आहेत. एरिक क्लॅप्टनने १९७० साली 'लैला' अल्बमचं रेकॉर्डिंग मायामीत केलं, तेव्हा फेंडरचा चिमुकला चॅम्प अ‍ॅम्प वापरला होता. त्याची ताकद पाच वॅटच्या आसपास असते. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवर जिमी पेजने सुप्रोचा छोटा अ‍ॅम्प वापरल्याचं सगळ्यांना माहीत आहे. ऐकणाऱ्याला तो डोंगराएवढा वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये अ‍ॅम्पचा आकार ऐकू येत नाही, माईकसमोर काय वाजलं तेवढंच ऐकू येतं.

सिम्युलेटर म्हणजे नेमकं काय

गिटारची वायर थेट संगणकाला जोडून रेकॉर्ड केली तर आवाज कोरडा, काडीसारखा येतो. त्यात डिस्टॉर्शनचं पेडल लावलं तर गांधीलमाशी बाटलीत कोंडल्यासारखं होतं. कारण सूर फक्त अ‍ॅम्पमध्ये तयार होत नाही, स्पीकरमध्येही होतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग जवळजवळ गाळून टाकतो. तो गाळला नाही की कर्कश कचरा शिल्लक राहतो. सिम्युलेटर अ‍ॅम्पची नक्कल करतो आणि पुढे स्पीकर-माईकचीही. या दुसऱ्या भागाला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, पोरं नुसतं 'आयआर' म्हणतात. सिम्युलेटरचा आवाज आवडला नाही तर आधी अ‍ॅम्प बदलत बसण्यापेक्षा आयआर बदलून बघावा. फरक तिथे जास्त पडतो.

ही नक्कल काही आजची नाही. टॉम शोल्झने १९८२ मध्ये रॉकमन नावाची हेडफोनवर वाजणारी पेटी काढली. १९८९ मध्ये सॅन्सअ‍ॅम्प आला. १९९८ मध्ये लाईन सिक्स कंपनीचा घेवड्याच्या बीसारखा दिसणारा पॉड आला आणि घरच्या रेकॉर्डिंगचं चित्र पालटलं. २००२ मध्ये अ‍ॅम्प्लिट्यूब आणि २००४ मध्ये गिटार रिग यांनी तीच गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये आणली. अलीकडे खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज संगणकाला 'शिकवून' नक्कल करणारे प्रकार आलेत. त्यातला न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हा स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी बनवलेला, मुक्त स्रोत आणि पूर्ण फुकट आहे. फुकट म्हणून तो हलका असेल असं समजू नये. खर्चिक सॉफ्टवेअरच्या बरोबरीने लोक तो वापरतात.

इंटरफेस : खरी खरेदी ही

सिम्युलेटर फुकट मिळाला तरी गिटारचा आवाज संगणकात नेणारी पेटी लागते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. लॅपटॉपच्या हेडफोन-माईकच्या भोकात दोनशे रुपयांचं कन्व्हर्टर घालून गिटार जोडणं हा पहिला मोह. ते भोक हेडसेटच्या माईकसाठी बनवलेलं असतं. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला समोर सुमारे दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा अडथळा लागतो. तो मिळाला नाही की वरचे सूर मरतात आणि गिटार गोधडीखाली वाजल्यासारखी येते. मग माणूस सिम्युलेटरला शिव्या देतो, बिघाड मात्र दारातच झालेला असतो.

म्हणून इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट', 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' असं लिहिलेली जागा किंवा बटण आहे का, हे आधी बघायचं. बेहरिंगरचा यूएम-२ हा या रांगेतला सगळ्यात स्वस्त, चार आकडी रकमेत येणारा. तो १६ बिटवर चालतो. सरावाला आणि यूट्यूबवर टाकायला तेवढं पुरतं, पण पातळी लावताना जरा जपावं लागतं. त्याच कंपनीचा यूएमसी-२०२ एचडी २४ बिटचा आहे, दोन तारा एकाच वेळी घेतो. गिटार आणि गाणं सोबत रेकॉर्ड करणाऱ्याने थोडं थांबून तोच घ्यावा. फोकसराईटचा स्कार्लेट सोलो त्याच्या वरचा, पाच आकडी. तो चांगलाच आहे, पण पहिल्या वर्षात दोघांतला फरक ऐकणाऱ्याला कळेल असं नाही. वाचलेले पैसे हेडफोनला लावलेले बरे.

पातळी लावण्याचा नियम सोपा आहे. जोरात छेडल्यावर सॉफ्टवेअरमधला काटा उणे १२ च्या आसपास जावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि हे फाटणं अ‍ॅम्पच्या गोड फाटण्यासारखं नसतं. ते नंतर दुरुस्तही होत नाही.

उशीर : जो आकडा कोणी सांगत नाही

तार छेडली आणि आवाज हेडफोनमध्ये क्षणभर उशिरा आला, तर कितीही चांगला वादक ताल सोडतो. सिम्युलेटर नापसंत होण्याचं हे सर्वात मोठं कारण. संगणक आवाजाचे छोटे छोटे गठ्ठे करून काम करतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५.३ आणि १०२४ चा २१.३. हा उशीर जाताना आणि येताना असा दोनदा लागतो, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा असतो.

याची कल्पना यावी म्हणून असं बघा. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १० मिलिसेकंद म्हणजे अ‍ॅम्पपासून अकरा फुटांवर उभं राहून वाजवणं. तेवढं चालतं, स्टेजवर रोजच होतं. एकूण उशीर २० च्या पुढे गेला की बोटं अडखळू लागतात. रेकॉर्डिंगच्या वेळी बफर १२८ किंवा २५६ ठेवायचा, नंतर मिक्सिंगला बसताना १०२४ करून टाकायचा.

विंडोजवर यासाठी कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर टाकावा लागतो. नसेल तर एसिओ-फोर-ऑल नावाचा फुकटचा ड्रायव्हर कामचलाऊ ठरतो. मॅकवर ही कटकट नाही, शिवाय गॅरेजबँड फुकट येतं आणि त्यात गिटारचे अ‍ॅम्प आधीच असतात. आयफोन-आयपॅडवरही तेच. अँड्रॉइड फोनवर उशीर फोनगणिक बदलतो, त्यामुळे फक्त फोनच्या भरवशावर इंटरफेस विकत घेण्याआधी मित्राचा जोडून बघावा.

आणि ब्लूटूथ हेडफोन. ते इथे अजिबात चालत नाहीत. साध्या ब्लूटूथचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर असतो. अ‍ॅम्पवर ब्लूटूथ लिहिलेलं असेल तर ते फोनवरचं गाणं लावून सोबत वाजवायला, गिटार ऐकायला नव्हे. बंद कपाचे, वायरवाले हेडफोन घ्यायचे.

आणखी एक गंमत नेहमी होते. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' चालू राहतं आणि कोरडी गिटार व सिम्युलेटरची गिटार दोन्ही एकदम ऐकू येतात, जणू खोलीत प्रतिध्वनी घुमतोय. ते बटण बंद करायचं, बस.

घोंघाट, अर्थिंग आणि पंखा

हैदराबादेत एप्रिल-मे मध्ये पंखा बंद करून गाणं रेकॉर्ड करणं हा एक वेगळाच व्यायाम आहे. इथे सिम्युलेटरचा मोठा फायदा असा की माईकच नसतो, त्यामुळे पंख्याची घरघर, नारायणगुडा फ्लायओव्हरवरचे हॉर्न, खालचा भाजीवाला यातलं काहीही रेकॉर्ड होत नाही. पण पंखा दुसऱ्या वाटेने आत शिरतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, तोच छोटा गोल बटणवाला, विजेच्या लहरीचे तुकडे करून वेग कमी करतो आणि त्यातून निघणारी खरखर गिटारचे पिकअप टिपतात. सिंगल कॉइलच्या गिटारला हा त्रास जास्त, हमबकरवाल्या गिटारला कमी, त्याचं नावच 'हम' घालवणारा. वाजवताना पंखा पूर्ण वेगाने ठेवला किंवा बंद केला की बऱ्याचदा खरखर थांबते. तोच प्रकार डिमरच्या दिव्यांचा.

उरलेला गुणगुणाट ५० हर्ट्झचा, विजेचाच. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार कित्येकदा नावालाच असते. दोन पिनी चार्जर लावलेला लॅपटॉप बॅटरीवर घेतला की आवाज गायब होतो, हा अनुभव सगळीकडचा. वाजवणाऱ्याने गिटार घेऊन जरा फिरूनही बघावं. स्क्रीनकडे तोंड असताना येणारी घोंघ पाठ फिरवली की निम्मी होते. तारांना हात लावल्यावर घोंघ थांबत असेल तर गिटारमधली जोडणी ठीक आहे. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र वाजवणं थांबवून घराचं अर्थिंग वायरमनला दाखवायचं. अर्थची पिन मोडून काढणं हा त्यावरचा इलाज नाही. तो जीवाशी खेळ आहे.

अमेरिकेहून आलेला अ‍ॅम्प

या भागात घरटी कोणीतरी अमेरिकेत असतंच, आणि दादा किंवा मावशी येताना अ‍ॅम्प घेऊन येतात. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त पिनचा अडॅप्टर लावून असा अ‍ॅम्प सुरू केला तर पहिल्याच क्षणी फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही. मागच्या पट्टीवर '१००-२४० व्होल्ट' छापलेलं असेल तर चिंता नाही, नुसतं '१२०' असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागणार. असा ट्रान्सफॉर्मर कोटीच्या गुजराती गल्लीत शोधावा. नारायणगुड्याहून मेट्रोने पुढचंच स्टेशन सुलतान बाजार, तिथून गल्ली चालत. घेताना अ‍ॅम्पवर जितके वॅट लिहिलेत त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा मागावा. अ‍ॅम्पवरचा 'आऊटपुट' वॅट आणि विजेचा वॅट वेगळे असतात, मागच्या बाजूचा विजेचा आकडा धरायचा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. त्यामुळे ६० हर्ट्झसाठीच बनवलेला जुना अ‍ॅम्प इथे थोडा जास्त तापतो. त्याच्या मागे भिंत लागू देऊ नये.

पेडलांच्या ९ व्होल्ट अडॅप्टरबाबतही एक सूचना. गिटारच्या बहुतेक पेडलांना मधला टोक उणे लागतो. राऊटरचा किंवा खेळण्याचा अडॅप्टर नेमका उलटा, मधला टोक अधिक असलेला असतो. भोक बसतं म्हणून लावला आणि पेडल गेलं, अशा दुरुस्त्या नेहमीच्या आहेत.

अ‍ॅम्पच घ्यायचा असेल तर

संगणकासमोर बसून वाजवण्याचा कंटाळा येतो हे खरं आहे. दिवसभर कामावर स्क्रीन, घरी आल्यावर पुन्हा स्क्रीन, मग गिटार हातात घेतलीच जात नाही. ज्याला पाच मिनिटं सापडली की लगेच वाजवायचंय, त्याला अ‍ॅम्पच बरा. घरासाठी दोन्हीचं काम करणारे अ‍ॅम्प आता मिळतात. यामाहाची टीएचआर मालिका हे त्यातलं जुनं आणि टिकलेलं नाव. २०१९ मध्ये तिची दुसरी पिढी आली. कमी आवाजात भरीव वाजणं हाच तिचा हेतू, आणि यूएसबीची एक वायर लावली की अ‍ॅम्प स्वतःच इंटरफेस होतो. पॉझिटिव्ह ग्रिडचे स्पार्क आणि छोटा स्पार्क गो याच जातीचे. त्यांचं बरंचसं काम फोनच्या अ‍ॅपमधून चालतं. हा कोणाला गुण वाटेल, कोणाला दोष.

बॉसचा कटाना-५० जरा मोठा, बारा इंची स्पीकरचा. पण त्याला ताकद अर्ध्या वॅटवर आणायची सोय आहे आणि यूएसबीही आहे. उद्या गणपतीत किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ड्रमसोबत वाजवायचं असेल तर एकाच खरेदीत दोन कामं होतात. त्याचाच धाकटा कटाना मिनी बॅटरीवर चालतो, आवाज गोड आहे, पण त्याला यूएसबी नाही, रेकॉर्डिंगला वेगळा इंटरफेस लागतो. व्हॉक्सचा अ‍ॅम्पप्लग तर थेट गिटारच्या भोकात बसतो, काडेपेटीहून थोडा मोठा. परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलवर रात्री सराव करायला तो उत्तम, रेकॉर्डिंगला कामचलाऊ. फेंडरचा मस्टँग मायक्रो तसाच, पण यूएसबीवरून रेकॉर्डही करतो.

डब्यावर यूएसबी दिसलं म्हणजे आवाज संगणकात जाणारच, असं धरू नये. काही पेडलांचं आणि अ‍ॅम्पचं यूएसबी फक्त सॉफ्टवेअर अपडेटला किंवा चार्जिंगला असतं. माहितीपत्रकात 'यूएसबी ऑडिओ' हे दोन शब्द शोधावेत.

साध्या अ‍ॅम्पला माईक लावूनही रेकॉर्डिंग होतं. शूअरचा एसएम-५७ हा १९६५ पासूनचा माईक आजही त्यासाठीच ओळखला जातो. तो स्पीकरच्या जाळीपासून दोन-चार सेंटिमीटरवर ठेवायचा. स्पीकरच्या मधोमध आवाज तीक्ष्ण येतो, कडेला सरकवला की मऊ होतो. बोटभर सरकवल्याने जो फरक पडतो तो पाचशे रुपयांच्या वायरने पडत नाही. पण फ्लॅटमध्ये हा मार्ग सुट्टीच्या दुपारीच जमतो.

एक धोका इथे ठळक सांगायला हवा. अ‍ॅम्पच्या मागे 'स्पीकर आऊट' असतं, ते इंटरफेसला कधीही जोडायचं नाही. तिथून येणारी वीज इंटरफेस जाळू शकते. 'लाईन आऊट', 'रेक आऊट' किंवा 'फोन्स' लिहिलेलंच वापरायचं. आणि ट्यूबचा अ‍ॅम्प स्पीकर काढून ठेवून सुरू करायचा नाही, त्याचा ट्रान्सफॉर्मर जातो.

अकूस्टिकवाल्यांचा प्रश्न वेगळाच

खरं म्हणजे मराठी घरांत बघायला गेलं तर दहातल्या बहुतेक गिटारी अकूस्टिक असतात. भावगीत, गझल, अभंगाला साथ, वाढदिवसाला दोन हिंदी गाणी. अशा माणसाला दुकानदार इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प विकतो, ते चूक. अकूस्टिकच्या आतला पायझो पिकअप इलेक्ट्रिक अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या सिम्युलेटरमध्ये घातला की प्लॅस्टिकच्या डब्यावर रबर ताणल्यासारखा वाजतो. ज्याला फक्त रेकॉर्ड करायचंय त्याने अ‍ॅम्प घेऊच नये. एक साधा कंडेन्सर माईक आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर देणारा इंटरफेस घ्यावा. वर सांगितलेल्या तिन्ही इंटरफेसमध्ये ती सोय आहे. माईक बाराव्या पट्टीच्या समोर, वीत-दीड वीत अंतरावर. भोकासमोर ठेवला तर आवाज घुमतो, नवशिके नेमके तिथेच ठेवतात. इथे मात्र पंखा बंदच करावा लागेल. खोलीत गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर महागड्या फोमची गरज पडत नाही. रिकाम्या हॉलपेक्षा अडगळीची बेडरूम केव्हाही चांगली वाजते.

खर्च कुठून सुरू करायचा

हातात आधीच बरा लॅपटॉप असेल, म्हणजे ८ जीबी रॅम आणि फार जुना नसलेला प्रोसेसर, तर सिम्युलेटरचा मार्ग स्वस्त पडतो. इंटरफेस, वायरचे हेडफोन, तीन मीटरची गिटारची वायर, एवढंच विकत. वायर उगीच दहा मीटरची घेऊ नये, लांब वायरीत वरचे सूर बोथट होतात. रेकॉर्डिंगला रीपर नावाचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरता येतं आणि नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. अ‍ॅम्प्लिट्यूब आणि गिटार रिग या दोघांच्याही फुकट, आटोपशीर आवृत्त्या आहेत. न्यूरल डीएसपीचे प्लगइन १४ दिवस वापरून बघता येतात. चोरीचं, 'क्रॅक' केलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर फिरतं, त्याची आता गरजच उरलेली नाही. त्यातून लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तर प्रोजेक्ट आणि कॉलेजचा अभ्यास दोन्ही जातील.

लॅपटॉप जुना, ४ जीबीचा असेल तर त्याच्यावर सिम्युलेटर लादू नये, बफर वाढवावा लागतो आणि पुन्हा तोच उशीर. तिथे यूएसबी ऑडिओ असलेला छोटा अ‍ॅम्प चांगला, कारण नक्कल अ‍ॅम्पच्या आत होते आणि लॅपटॉपने फक्त टिपून घ्यायचं. लॅपटॉपच नसेल तर त्यासाठी गिटारच्या नावाने लॅपटॉप घेण्यापेक्षा अ‍ॅम्प घेऊन फोनवर टिपावं.

सिम्युलेटरवाल्यांना एक सोय जास्तीची मिळते. रेकॉर्ड होते ती कोरडी गिटार, अ‍ॅम्पचा आवाज वरून लावलेला असतो. आज एका आवाजात वाजवलं, महिन्याने दुसरा अ‍ॅम्प आवडला, तर पुन्हा न वाजवता बदलता येतो. यूएसबीच्या काही अ‍ॅम्पमध्ये कोरडी गिटार वेगळ्या वाटेने देण्याची सोय असते, घेताना विचारावं.

सेकंड हँडचा बाजार हैदराबादेत मोठा आहे, शिक्षण संपवून जाणारी पोरं सामान काढतात. बघायला जाताना स्वतःची गिटार, वायर आणि लॅपटॉप सोबत न्यावा. सगळी बटणं फिरवून खरखर ऐकावी, यूएसबीची वायर लावून हलवून बघावी, कारण अ‍ॅम्पचं यूएसबी सैल झालेलं असेल तर दुरुस्ती नव्याच्या निम्म्यात जाते. अडॅप्टर मूळचाच आहे का आणि त्यावरचे व्होल्ट-अँपिअर अ‍ॅम्पवरच्या आकड्यांशी जुळतात का, ते पट्टी वाचून ताडून बघावं. सोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या मालकाच्या खात्यावर चिकटलेला असतो, तो मिळणार असं धरून भाव करू नये. नवा माल घेताना पक्कं बिल घ्यायचं, त्यावर सीरियल नंबर टाकून मागायचा आणि सांगितलेली किंमत जीएसटी धरून की वगळून हे बिल फाडण्याआधी विचारायचं. नांदेड किंवा लातूरला परत जायचं असेल तर वॉरंटीची दुरुस्ती तिकडे होईल की हैदराबादलाच यावं लागेल, तेही तिथेच विचारून घ्यावं. पॅकिंगचा खोका निदान वॉरंटी संपेपर्यंत फेकू नये. बसने अ‍ॅम्प न्यायचा झाला तर त्याच खोक्यात घालून पायाशी ठेवावा, डिकीत टाकू नये.